मालकांचं नाव

आये,

हायवेला मालकाचं नाव दिलं. अख्ख्या हायवेला नव्हे. ओढ्याच्या पुलापासून उड्डाणपुलाच्या तोंडापर्यंतचा तुकडा, आपला फाटा मधोमध धरून. हिरवा बोर्ड लावलाय, गाडीचा उजेड पडला की अक्षरं चमकतात. आधी 'उद्योगमहर्षी', मग त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, आणि शेवटी 'मार्ग'. तू असतीस तर म्हणाली असतीस, महर्षी म्हंजे दाढीवालं न्हवं? ह्यानं कवा दाढी ठेवलीती? मालक म्हणजे कंपनीचा मालक, हे आधीच लिहून टाकते, कारण ह्या एका शब्दानं आपल्या घराचा एकदा घात केला होता आणि गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा केला. तेवढंच सांगायला बसले आहे. मला लिहायची सवय नाही, चौथीतनं तूच काढलंस, तेव्हा चुकलंमाकलं तर बोलू नकोस. बोलणार तरी कुठनं म्हणा.

फाटा तुला आता ओळखू यायचा नाही. रस्ता आणखी रुंद करायचं काम चाललंय. बाभळी गेल्या, पाण्याची टाकी गेली, चहावर साय धरायच्या आत धूळ धरते. माझी टपरी दोनदा मागं सरकवायला लावली, आता सर्व्हिस रोडच्या कडेला आहे, कंपनीच्या गेटासमोरच. कंपनी लोखंड ओतायची, म्हणून फौंड्री फाटा म्हणायचे सगळे. कंडक्टर दारात उभा राहून ओरडायचा, "फौंड्रीवाले उतरा!" आता काय ओरडतो सांगू? "चला, महर्षीवाले उतरा!" पहिल्याच दिवशी एक म्हातारा पेठ वडगावचा बाजार करून आलेला, पिशवी सांभाळत उतरला आणि मला विचारतो, "बाई, हितं मठ कुठं हाय वो?" मी म्हटलं, "पावणं, मठ न्हाय, भट्टी हाय." हसले मी. मग तो मागं वळून बोर्ड वाचायला लागला, एकेक अक्षर लावून, मोठ्यानं, आणि माझं हसणं तिथंच विटलं. जे नाव तू मरेपर्यंत घरात येऊ दिलं नाहीस ते म्हातारा माझ्या पातेल्यापुढं उभा राहून वाचत होता.

आपल्या घरात दोन माणसांची नावं निघायची नाहीत. एक आबांचं, कारण ते तुझे मालक. नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये, त्याचं आयुष्य कमी होतं, असं तुला तिकडं चंदगडात तुझ्या आईनं शिकवून धाडलं होतं. आबांना तू तोंडावर 'अवो' म्हणायचीस आणि माघारी 'मालक'. मालक जेवलं, मालक निजल्यात, मालकांस्नी ताप हाय. दुसरं नाव त्या कंपनीवाल्याचं, पण ते नंतर. मी नुकती शाळेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. गुरुजी हजेरीला पूर्ण नाव घ्यायचे. माझं, मग आबांचं, मग आडनाव. ते मला एवढं आवडलं की घरी येऊन चुलीपुढं उड्या मारत तेच म्हणत सुटले. तू भाकरी थापत होतीस. पीठभरल्या हातानं तोंडावर अशी दिलीस की ओठाला पीठ आणि रक्त दोन्ही लागलं. "बापाचं नाव काय वाटंवर पडलंय व्हय गं, कुणीबी उचलायला?" आबा दारात पायताण काढत होते. ते म्हणाले, "घिऊ दे की. तू घेत न्हाईस, तिनं तरी घ्यावं." त्यावर तू त्यांच्याकडं न बघताच म्हणालीस, "मालकांस्नी म्हणावं, हातपाय धुवा, भाकरी निवाय लागल्या." समोर उभ्या असलेल्या माणसाला निरोप धाडायची ही तुझी तऱ्हा!

त्याच दिवाळीच्या आगंमागं आबांनी तुला खलबत्ता आणला, कंपनीत ते कामाला होते तिथल्या भट्टीत उरलेल्या लोखंडाच्या रसाचा ओतलेला. खलाच्या बुडाला बाहेरून आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं होतं. पण वाळूच्या साच्यात ते सरळ कोरलं, त्यामुळं लोखंडात उलटं उमटलं. रोज साचे करणारा माणूस, आणि स्वतःच्याच नावाला चुकला. शेजारी सगळे चिडवत होते. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस, "मला वाचाय येत न्हाय त्येच बरं. सुलटं काय आन् उलटं काय, घ्यायचं तर न्हायच हाय." त्या खलात मी आता चहाचं आलं कुटते. बूड झिजलंय, पण बोट फिरवलं की अक्षर लागतं.

आणि मग तो व्हरांडा. एवढी वर्षं झाली, तो माझ्या डोक्यात अजून संपलेला नाही. सरकारी दवाखान्याचा व्हरांडा आहे, फिनेलचा वास आहे, आबा आत चादरीखाली आहेत. मी तुझ्या पदराला धरून उभी आहे. काय झालं ते आपल्याला दुपारीच कळलेलं आहे. आबांच्या जोडीला काम करणारा एक जण दाराशी येऊन सांगून गेला आहे, चप्पल न काढता, इकडंतिकडं बघत : "वैनी, आत झालंय. साखळी तुटली, वाळूनं भरल्याली पेटी छातीवर आली. मग टेम्पोत घालून भाईर आणलं आन् रस्त्याकडंला बाभळीखाली ठेवलं, ट्रकनं उडवलं म्हणून. पण वैनी, माझं नाव घिऊ नका." त्याला तरी काय बोलणार, त्याचीही पोरं लहान होती. आता हवालदार बाकावर मांडीवर पॅड घेऊन बसला आहे, आणि त्याच्या शेजारी कंपनीचा सुपरवायझर, पांढऱ्या शर्टाचा, हातात आपल्यासाठी आणलेला चहा.

हवालदार विचारतो, "बाई, मयताचं नाव काय?"

तू पदर कपाळावर ओढतेस.

"नाव सांगा नाव. मयत तुमचं कोण?"

"मालक," तू म्हणतेस.

"बरं. मालकांचं नाव सांगा."

आणि तू, नवरा आत गार पडलेला असताना, ज्याचं आयुष्य कमी व्हायचं आता काही राहिलेलंच नाही त्याचं आयुष्य राखत म्हणतेस, "मालकांचं नाव कसं घ्यायचं वो?"

सुपरवायझरनं चहाचा कप खाली ठेवला. "ऐकलं न्हवं साहेब? मालकांचं नाव घ्यायचं न्हाय म्हणत्यात बाई. मालकांवर त्यांची तक्रार न्हाय. लिवा तसं." हवालदारानं मान वर केली. त्याच्याकडं बघितलं, मग तुझ्याकडं बघितलं. बोलण्यावरनं तो हातकणंगल्याकडचा होता, आये. त्याच्याही घरात त्याची आई त्याच्या बापाला मालकच म्हणत असणार. तुला काय म्हणायचंय ते त्याला लख्ख कळलेलं होतं, मी पोर असून मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यानं मान खाली घातली आणि लिहिलं. आबांचं नाव सुपरवायझरनं सांगितलं, खणखणीत, बापाच्या नावासकट, आडनावासकट, पुढं 'मयत' लावून. एकदा नाव त्याच्या तोंडात गेलं, मग बाकीचं सगळं त्याच्याच तोंडातनं निघालं. ट्रक होता, नंबर दिसला न्हाय, कंपनीचा काय संबंध न्हाय. तुझा अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला. तू अंगठा पदराला पुसलास. ती शाई त्या लुगड्याची शेवटपर्यंत गेली नाही.

पंधरवडा गेला नाही तोवर कंपनीनं तुला कामाला घेतलं, बायका साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात त्या शेडमध्ये. लोक म्हणाले, मालक देवमाणूस, विधवेला टाकलं नाही. तू गेलीस. जिथं आबा गेले त्याच छपराखाली तू रोज गेलीस, आणि त्या एका जागेवर कधी पाय दिला नाहीस, लांबनं वळसा घालून जायचीस, हे मला तुझ्या बरोबरच्या बायकांनी सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस. त्या कंपनीवाल्याचं नाव घ्यायचं नाही हे तू तेव्हाच ठरवलंस. पण नाव नाही घ्यायचं तर काय म्हणायचं? सगळे मालक म्हणायचे, तूही मालक म्हणायला लागलीस. एका संध्याकाळी तू चुलीला फुंकर घालताना शेजारणीला सांगत होतीस, "आज मालक आलतं की शेडात." मी बाहेर खेळत होते. मी ते एवढंच ऐकलं आणि आबा आले म्हणून गेटापर्यंत पळत गेले. दिवे लागले तरी परत आले नाही. तू शोधत आलीस, मला उचललंस, आणि मी का आले ते ऐकल्यावर रस्त्यातच खाली बसलीस. त्या दिवसापासनं त्याला तू 'त्यो' म्हणायला लागलीस. नुसता 'त्यो'. आणि मालक पुन्हा एकट्या आबांचं झालं.

मी मोठी झाल्यावर तुला किती बोलले, ते तुला माहीत आहे. माझं तोंड तुझ्यासारखं नाही. भांडण भाजीवरनं सुरू झालं तरी जाऊन त्या व्हरांड्यात थांबायचं. एक शब्द बोलायचा होता तुला, एक. नवऱ्याचं नाव. ते बोलली असतीस तर पुढचं वाक्यही तूच बोलली असतीस, साखळी तुटली म्हणाली असतीस, आत झालं म्हणाली असतीस. बोलायची वेळ आली आणि तू रीत सांभाळत बसलीस. तू ऐकून घ्यायचीस. ताटातला खडा काढल्यासारखं माझं बोलणं बाजूला सारायचीस आणि शेवटी एवढंच म्हणायचीस, "नाव घेतलं असतं तर काय उठून बसलं असतं?" अंथरुणाला खिळलीस तेव्हाही मी विचारलं. तेव्हाही हेच म्हणालीस. मग मीच रागानं उठून बाहेर गेले.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. माझी लेक त्याच कंपनीत लागली आहे. नाक मुरडू नकोस. डिप्लोमा केलाय तिनं, वाळू तपासायच्या खोलीत एसीत बसते, नवऱ्याला फोनवर नावानं हाक मारते, "अरे ऐक ना" म्हणते, आणि त्याचं आयुष्य काही कमी झालेलं दिसत नाही, उलट वजन वाढलंय. ती अजून कायम झालेली नाही, त्याचं पत्र सहीला होतं. अशात कंपनीतला एक पोरगेला साहेब टपरीवर आला, गळ्यात कार्डाचा पट्टा, केसाला तेल. त्या मालकाचा नातू आता सगळं बघतो, त्यानं धाडलेला.

"मावशी, मार्गाच्या नामकरणाला जुन्या कामगाराच्या लेकीनं दोन शब्द बोलावेत, अशी साहेबांची फार इच्छा आहे."

"दोन शब्द हाईत की माझ्याजवळ," मी म्हटलं. "पण ते माईकवर चालायचे न्हाईत."

त्याला वाटलं मी लाजते. "साधंच बोला मावशी. तुमच्या वडिलांची आठवण, मालकांची आठवण. नाव घ्यायचं, नमस्कार करायचा, खाली उतरायचं."

त्या दिवशी कितीतरी वेळ मी नुसतं आलं कुटत बसले. गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, चहा करताय का मसाला? मला एकच दिसत होतं. हवालदारानं विचारलेलं अजून तसंच पडून आहे, मयताचं नाव काय, आणि आता माझ्या हातात माईक देणार आहेत. आमदार बसलेला असणार, कंपनीवाल्याचा नातू बसलेला असणार, गावातली माणसं असणार. तू जे बोलली नाहीस ते मी बोलणार. आबांचं पूर्ण नाव, आणि पुढं एक वाक्य, की हे रस्त्यावर वारले नाहीत. बास. लेकीला सांगितलं. तिला सगळं माहीत आहे, मी लहानपणीच सांगून ठेवलंय. "माझं पत्र आहे सहीला, आई," म्हणाली. मी म्हटलं, "मग बोलू नको म्हण." तिनं तसंही म्हटलं नाही. "बोल," म्हणाली, "पण नीट बोल. त्यांना कळेल असं बोल."

मांडव सर्व्हिस रोडवर घातला होता, बाभळी होत्या तिथं. हलगी, फेटे, दोन एसट्या भरून आणलेल्या बायका. कंपनीवाल्याचा एवढा मोठा फोटो, हार एवढा की तोंड अर्धं झाकलेलं. भाषणं झाली, रोजगार दिला, पोशिंदा, जिल्ह्याचं भूषण. निवेदक होता एक, रेशमी सदऱ्यातला, प्रत्येक वाक्याला शेर जोडणारा. त्यानं माझं नाव पुकारलं. मी चढले. गुडघे माझे आधीच कुरकुरतात, त्यात ती फळ्यांची पायरी हलत होती. माईक तोंडापुढं आला. समोर माझी लेक उभी, हात छातीशी घट्ट धरून.

आणि आये, माझ्या तोंडातनं तू बोललीस.

मी म्हणायला गेले आबांचं नाव, आणि बाहेर आलं, "आमच्या आईचं मालक..." तेवढ्यात माईकनं अशी शिट्टी मारली की लोकांनी कान धरले. पहिले शब्द त्यात गेले. मी रेटलं पुढं. "मालक ह्या रस्त्यावर वारलं न्हाईत," मी म्हटलं. आवाज माझा केवढा मोठा निघाला, रस्त्यापलीकडच्या ट्रकवाल्यांनी मान वळवली. "मालक आत हाईत. अजून आतच हाईत!"

आणि मग तो रेशमी सदरा पुढं झेपावला, माईक ओढून घेतला. "ऐकलंत? ऐकलंत मंडळी? मालक वारलेच नाहीत! ते आत आहेत, आपल्या प्रत्येकाच्या आत आहेत! एका अडाणी मावशीनं सांगितलं, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

झाल्या. बायका टाळ्या वाजवत होत्या, आमदार वाजवत होता. नातू उठून माझ्या पाया पडला. मी "तसं न्हवं, तसं न्हवं" म्हणत होते, पण माईक निवेदकाच्या हातात, आणि हलगी सुरू झाली होती. मी खाली वाकलेल्या त्या पोराच्या फेट्याकडं बघत उभी राहिले. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्याचे डोळे भरलेले होते. त्या हवालदारानं तरी समजून उमजून लिहिलं होतं; इथं कुणाला समजलंच नव्हतं. कुठलं जास्त वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

मग पत्रावर सही झाली. लेक कायम झाली. तोच कार्डवाला पोरगेला साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आला, "मावशी, काय बोललात! साहेब दोन दिवस तेच सांगतायत सगळ्यांना." पुडा मी घेतला नाही, बाकावर ठेवून तो गेला, गिऱ्हाइकांनी संपवला. रात्री लेक जेवून उठली. ताट धुतलं, हात पुसले आणि मग दारात थांबून विचारलं, "आई, नुसतं नाव घ्यायचं होतंस. आजोबांचं नाव. सरळ. मग कुणालाच फिरवता आलं नसतं. का नाही घेतलंस?"

आवाज तिचा, पण विचारणं माझंच. तुझ्या अंथरुणाशेजारी उभं राहून विचारलेलं. मला तिच्यावर राग आला, आणि मी म्हटलं, "नाव घेतलं असतं तर काय उठून बसलं असतं?"

ती आत गेली. दार आपटलं नाही तिनं, मी आपटायचे.

आज सकाळपासनं हे लिहितेय, लेकीच्या जुन्या पाठकोऱ्या कागदांवर, मधेच चहा करत. एका कागदावर आलं सांडलंय. हे कुठं टाकायचं नाही ते मला कळतं. तुला वाचता येत नव्हतं, आणि जिथं गेलीस तिथं कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. संध्याकाळी शेगडीत जाईल. समोर बोर्ड आहे, त्याच्यावरची धूळ पुसायला कंपनीनं माणूस ठेवलाय, तो शिडी लावून चढलाय, ओलं फडकं एकेक अक्षरावरनं फिरवतोय.

एक सांगायचं राहिलं. कागद परत वाचून बघितले. ठरवून बसले होते की माईकवर जमलं नाही ते निदान इथं लिहायचं, पहिल्याच ओळीत. लेकीला बापाचं नाव घ्यायला कसली बंदी? माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे ते. पण जिथं जिथं ते लिहायची जागा आली तिथं मी 'आबा' लिहून पुढं गेले. इथं ना हवालदार, ना माईक, ना कुणी ऐकणारं. आत्तासुद्धा पेन टेकवून बघितलं. शाईचा ठिपका पडलाय, बघ, इथं. त्याच्यापुढं हात जात नाही.